मोडतोडीची वही

रुग्णालयात तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. फोनवर नऊ दाबलं की तिचा आवाज यायचा, म्हणून ती नऊनंबर. डॉक्टर म्हणायचे, "नऊनंबरला विचारा." आया म्हणायच्या, "नऊनंबरताई, जरा रक्त तपासणीला लावून द्या ना." जिन्याखालच्या एका खोलीत, कानाला हेडफोन लावून, समोरच्या दिव्यांच्या पाटीवर नजर ठेवून तिने सतरा वर्षं काढली होती. तीनशे बारा नंबर तिला तोंडपाठ होते. कोणता डॉक्टर कोणत्या वेळी कुठे सापडतो आणि कुठे असूनही सापडायचा नसतो, हेही तिला ठाऊक होतं. लग्नाचा विषय घरात दोन-तीनदा निघाला, जमलं नाही, मग तिनेच तो मिटवून टाकला. घरात आता वडील होते, जन्मभर शिंपीकाम करून थकलेले, आणि त्यांचं अजिबात न थकलेलं शिलाई मशीन.

एके दिवशी व्यवस्थापकांनी तिला वर बोलावलं. ते फार मृदू बोलत होते, तेव्हाच तिने ओळखलं. नवे फोन येणार होते. ते कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरूनच चालतात, मध्ये जोडून द्यायला माणूस लागत नाही. सहा महिन्यांनी एक्स्चेंजची खोली बंद होईल.

"तुमच्यासाठी बघू काहीतरी," ते म्हणाले. निघालेल्या पाहुण्याला 'या परत' म्हणतात, तसं.

"नेटवर्क विभागात एक जागा रिकामी आहे ना?" तिने विचारलं.

"तिथे इंजिनीअर लागतो, बाई."

"सहा महिन्यांत शिकते."

व्यवस्थापक हसले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. थोडा वेळ पेन टेबलावर आपटत बसले आणि मग म्हणाले, "सहा महिन्यांनी विभागप्रमुख म्हणाले की तुम्ही कामाच्या आहात, तर माझी हरकत नाही. नाहीतर एक्स्चेंज बंद होईल त्या दिवशी तुम्हालाही..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. अशी वाक्यं अर्धीच सोडायची असतात, उरलेली ऐकणाऱ्याने स्वतः पुरी करून घ्यायची.

तिने त्याच आठवड्यात क्लास लावला. चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. ड्यूटी दोनला संपली की डबा तिथेच खायचा आणि तीन ते सहा शिकायचं. शिकवणारे सर फळ्यावर चौकोन काढत, चौकोनांना रेघांनी जोडत आणि म्हणत, "हे तुमचं नेटवर्क." विद्यार्थीही तेच चौकोन कॉम्प्युटरवर काढत. चित्रातला डबा चित्रातल्या वायरने जोडला की हिरवा ठिपका यायचा. तिचे सगळे ठिपके हिरवे आले. दोन महिन्यांनी परीक्षेत शहाऐंशी टक्के पडले. सर्टिफिकेटला तिने प्लास्टिकचं आवरण करून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी ते घेऊन तळघरात गेली.

तळघरात नेटवर्क विभागाचे प्रमुख बसत. त्यांना मागून सगळे तारमास्तर म्हणायचे आणि हे त्यांना माहीत होतं. वाळक्या अंगाचा, जाड भिंगांचा माणूस. आधी दोन वाक्यं मनात जुळवायची आणि मग त्यातलं एकच बोलायचं, अशी त्यांची पद्धत. त्यांनी सर्टिफिकेट हातात घेतलं, उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि परत दिलं. मग ड्रॉवरमधून केबलचा एक तुकडा, दोन कनेक्टर आणि पकडीसारखं एक अवजार काढून तिच्यापुढे ठेवलं.

"दोन्ही टोकं करा."

केबलच्या पोटात आठ रंगीत तारा असतात, एकमेकींना पीळ घातलेल्या. पीळ सोडवून त्या ठरलेल्या क्रमाने ओळीत लावायच्या, सारख्या कापायच्या, नखाएवढ्या कनेक्टरमध्ये सरकवायच्या आणि पकडीने दाबून बसवायच्या. क्रम तिला झोपेतून उठवलं तरी सांगता आला असता. पण तारांना तो कुणी सांगितला नव्हता. नारिंगी जागेवर आली की हिरवी निसटायची, हिरवी धरली की तपकिरी आडवी व्हायची. चाळीस मिनिटांनी तिने केबल पुढे केली. तारमास्तरांनी ती तपासणीच्या डबीला लावली. आठातले दोन दिवे लागले नाहीत.

"कापा. परत करा."

परत केली. तीन दिवे गेले.

"बाई, तुमच्या डोक्याला सगळं माहीत आहे," ते म्हणाले. "हातांना काही माहीत नाही."

"हातांना कधी कळेल?"

"शंभर केबली झाल्यावर या."

तिला राग आला. सतरा वर्षं ज्या माणसाला तिने तिन्ही त्रिकाळ फोन जोडून दिले, त्याने तिला शाळकरी मुलीसारखं परत पाठवलं होतं. रागाच्या भरात ती थेट भंगारवाल्याकडे गेली. कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातून आलेले दोन स्विच आणि एक राऊटर त्याच्याकडे धूळ खात पडले होते. स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे. अनेक केबली येऊन मिळतात तो चपटा लोखंडी डबा, ज्याने या कॉम्प्युटरचं म्हणणं त्या कॉम्प्युटरकडे पोचवायचं. म्हणजे तिचंच काम. फरक इतकाच की तो थकत नाही आणि त्याला रजा लागत नाही. ती ते धूड घरी घेऊन आली, स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे डबे खाली उतरवले आणि तिथे ते बसवलं. चालू केल्यावर आतल्या पंख्यांनी असा काही आवाज धरला की शेजारीण दारात येऊन म्हणाली, "नवा मिक्सर घेतलात वाटतं? आणि इतका वेळ काय वाटताय?"

वडील आधी दोन दिवस तिला केबली करताना नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"अगं, दोनदा कशाला कापतेस? दोनदा कापलं की टोकं वरखाली होणारच. आधी बोटांनी पीळ काढ. पूर्ण काढ. मग ओळीत धर, अंगठ्याखाली दाब, आणि एकदाच काप. कात्री थांबवायची नाही."

"बाबा, हे कापड नाही."

"कापड नाही ते मला दिसतंय. पण कापतेस कात्रीनेच ना?"

त्यांच्या हाताला आता सुई धरवत नव्हती, पण शिकवण्याची खाज तशीच होती. रोज पहाटे, तिची ड्यूटी सुरू व्हायच्या आधी, दोघं जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसत. ती करायची, ते चुका काढायचे. एका बैठकीत पाच केबली. चुकलेल्या केबलीचे तुकडे ते फेकू देत नसत, डब्यात भरून ठेवत. आयुष्यभर चिंध्या जपलेला माणूस. शंभराव्या केबलीला तिला साडेतीन मिनिटं लागली आणि आठही दिवे लागले. वडील म्हणाले, "हं. आता जरा बरं दिसतंय." शिंप्याच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कुणी कधी ऐकलेली नाही.

तारमास्तरांनी ती केबल पाहिली, कनेक्टर नखाने ओढून पाहिला आणि म्हणाले, "उद्यापासून ड्यूटी झाली की इथे बसा."

तिथे पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्यापुढे एक जाड वही टाकली. कोपरे झिजलेले, पुठ्ठ्यावर लिहिलेलं: मोडतोड. विभागात ज्याच्या हातून जे बंद पडेल, ते त्याने स्वतःच्या अक्षरात त्यात लिहायचं. काय मोडलं, का मोडलं, कसं जोडलं, पुढच्या वेळी काय करणार. चार ओळी, पाचवी नको. माफी मागायची नाही, दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. पहिली अकरा पानं तारमास्तरांच्याच अक्षरात होती. त्यातल्या एका पानावर त्यांनी सबंध रुग्णालय पाऊण तास बंद पाडल्याचं लिहिलं होतं, इतक्या कोरडेपणाने की कुणी किराणा लिहितोय असं वाटावं.

"वही कोरी असलेल्या माणसाला मी मोठ्या कामाला हात लावू देत नाही," ते म्हणाले. "त्याने एकतर काही केलेलं नसतं, नाहीतर लपवलेलं असतं."

तिचं पान कोरं राहण्याची भीती नव्हतीच. पहिल्या आठवड्यात तिने चुकीची केबल उपसली आणि हाडांच्या विभागाचे कॉम्प्युटर सात मिनिटं बंद पडले. मग एकदा एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये घातली. त्या बिचाऱ्या डब्याने स्वतःचंच म्हणणं स्वतःला परत परत ऐकवून सगळा मजला जेरीस आणला. प्रत्येक मोडतोडीनंतर तिला दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही. पण चार ओळी लिहिल्या की तीच चूक पुन्हा व्हायची नाही, हे तिच्या हळूहळू लक्षात आलं. प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना चिठ्ठी लावायची सवय तिने विभागाला लावली. एक्स्चेंजमधली शिस्त. तीन महिन्यांत तिच्या सोळा नोंदी झाल्या.

आता चिमट्याचं सांगायला हवं. कपडे वाळत घालताना लावतात तो साधा लाल प्लास्टिकचा चिमटा. लांबच्या इमारतीतल्या स्विचच्या सेटिंग इथे बसून बदलता येतात, पण त्यात एक धोका असतो. बदल चुकला तर तो स्विच आपल्यापासूनच तुटतो. मग ज्या वाटेने आत गेलो तीच वाट बंद, आणि दुरुस्तीला पायी जायचं. म्हणून तारमास्तरांचा नियम असा: काहीही बदलण्याआधी स्विचला सांगून ठेवायचं की दहा मिनिटांनी तू आपोआप बंद होऊन चालू हो. नव्या सेटिंग जतन केलेल्या नसल्या की चालू होताना तो जुन्या सेटिंगवर परत येतो. बदल चुकला तर दहा मिनिटं गप्प बसायचं, सगळं पूर्ववत. बदल बरोबर निघाला तर ती दहा मिनिटांची सूचना आठवणीने रद्द करायची आणि नवं जतन करायचं. आणि ती आठवण राहावी म्हणून, सूचना चालू असेपर्यंत कॉलरला किंवा ओढणीला चिमटा. रद्द केल्याशिवाय चिमटा उतरवायचा नाही.

तिने घरी हे सांगितलं तेव्हा वडिलांना क्षणात उमगलं.

"म्हणजे आमचा कच्चा टाका. आधी कच्च्या टाक्याने जोडायचं, माप बघायचं, पक्की शिलाई मारायची आणि मग कच्चा उसवायचा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "एकदा एका वकिलाचा कोट देताना उसवायचा राहिला होता. पांढरा दोरा, काळा कोट. तो तसाच कोर्टात उभा राहिला. मला अजून आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं."

तेव्हापासून ती घरी आली की ते पाणी देण्याआधी विचारायचे, "चिमटा उतरवलास का?"

सहावा महिना लागला. तारमास्तरांनी व्यवस्थापकांना आधीच सांगून ठेवलं होतं की बाई कामाच्या आहेत, एक मोठं काम एकटीने करू दे, मग नेमणुकीचा कागद करा. काम ठरलं ते रस्त्यापलीकडच्या प्रयोगशाळेचं. तिथली जोडणी जुन्या तारेवरून नव्या तारेवर न्यायची. हे झालं की जागा तिची. तारमास्तर त्या सकाळी दुसऱ्या इमारतीत होते. मुद्दामच असणार.

तिने सगळं नियमाने केलं. सूचना दिली, ओढणीला चिमटा लावला, बदल केला. चौथ्या मिनिटाला प्रयोगशाळेतल्या कारकुनाचा फोन आला.

"येतंय, येतंय! एकदम झकास येतंय!"

सतरा वर्षं तिने हे शब्द ऐकले होते. पलीकडचा माणूस 'येतोय आवाज' म्हणाला की ऑपरेटरचं काम संपतं. बटण सोडायचं, तो फोन डोक्यातून काढून टाकायचा आणि पुढचा दिवा बघायचा. तिच्या हाताने तेच केलं. फोन ठेवला, चिमटा उतरवून टेबलावर ठेवला, जुनी तार उपसली, तिला नीट चिठ्ठी लावली आणि ती चहा घ्यायला गेली. तिला इतका आनंद झाला होता की चहावाल्याला तिने विनाकारण दोनदा धन्यवाद म्हटलं.

दहा मिनिटं झाली. स्विचने सांगितलेलं इमानाने ऐकलं. तो बंद झाला, चालू झाला, जुन्या सेटिंगवर आला आणि जुनी तार शोधू लागला. ती तर तिने उपसून, चिठ्ठी लावून बाजूला ठेवली होती. प्रयोगशाळा बंद पडली. अतिदक्षता विभागाचे लोक रक्ताचे रिपोर्ट हातात घेऊन रस्ता ओलांडू लागले.

तिने सगळ्या केबली पाहिल्या, नवी तार तपासली. कारकुनाला फोनवर विचारलं, "तिकडे लाईट गेली होती का?"

"गेली असेल," तो म्हणाला. "इलेक्ट्रिशियन सकाळपासून बोर्डात काहीतरी करतोय."

तिला हायसं वाटलं. हे नंतर तिने स्वतःशी कबूल केलं: त्या क्षणी तिला हायसं वाटलं होतं. आणि मग विचार करताना चिमट्याशी चाळा करायची सवय म्हणून हात ओढणीकडे गेला आणि तिथे काही नव्हतं. चिमटा टेबलावर होता. तिने धावत जाऊन जुनी तार परत बसवली, प्रयोगशाळा चालू झाली. सगळी मिळून सव्वीस मिनिटं. कुणा रुग्णाचं काही बिघडलं नाही, ही नुसती कृपा. मग तिने तेच काम पुन्हा पहिल्यापासून केलं, चिमटा लावून आणि वेळेवर उतरवून.

ती वहीत सतरावी नोंद लिहायला बसली, तेवढ्यात वर्दी आली की व्यवस्थापक इलेक्ट्रिशियनला वर बोलावून झापताहेत. "लाईट गेली होती का?" हा तिचा प्रश्न कारकुनाच्या तोंडून वर पोचेपर्यंत 'इलेक्ट्रिशियनने लाईट घालवली' असा झाला होता. ती चार ओळी पुऱ्या करूनच उठली. गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. तारमास्तरांना कदाचित कळलं असतं. पण ते बोलले नसते, दोन वाक्यं जुळवून दोन्ही गिळली असती. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तिला आपली जागा हातची जाताना दिसत होती आणि तिला खरंच रडू येत होतं. वर जाऊन तिने वही उघडून टेबलावर ठेवली.

"लाईट गेली नव्हती. माझ्यामुळे बंद पडलं."

इलेक्ट्रिशियन खाली मान घालून उभा होता, त्याने मान वर केली. व्यवस्थापकांनी नोंद वाचली. मग मागची पानं उलटून तिच्या सोळाही नोंदी वाचल्या. वही आजवर तळघरातून वर आलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी तारमास्तरांना बोलावून सांगितलं की एवढी लेखी मोडतोड असलेल्या व्यक्तीला ते नेमू शकत नाहीत.

"त्या वहीतली पहिली अकरा पानं माझी आहेत," तारमास्तर म्हणाले.

"तुम्ही कायम आहात," व्यवस्थापक म्हणाले.

एक्स्चेंज बंद झालं त्या दिवशी तिने हेडफोन पुसून खोक्यात ठेवला. इलेक्ट्रिशियनने ते खोकं फाटकापर्यंत उचलून आणलं. "ताई, गप्प बसला असतात तर..." तो म्हणाला आणि खोकं तिच्या हातात दिलं. तारमास्तर खाली आले नाहीत. पण त्यांनी एक पाकीट पाठवलं. आत शिफारसपत्र नव्हतं. तिच्या सतरा नोंदी त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून काढल्या होत्या, खाली सही केली होती: 'या सर्व दुरुस्त्या यांनी स्वतः केल्या.' आणि लाल चिमटा.

पुढचे तीन महिने वाईट गेले. ती मुलाखतींना सर्टिफिकेट घेऊन जायची. समोरचे विचारायचे, "अनुभव?" ती एक्स्चेंजबद्दल सांगायची, ते मान हलवायचे, संपलं. पाकीट ती दाखवत नव्हती. त्याच कागदांनी एकदा घात केला होता. वडिलांनी दोनदा सुचवलं, तिने दोनदा झिडकारलं. तिसऱ्यांदा ते चिडले.

"मी गिऱ्हाइकाला काय दाखवायचो? मी कुठे शिकलो त्याचा कागद? शिवलेलं दाखवायचो. उसवून परत शिवलेलंसुद्धा. तू ते दाखव."

एका मोठ्या छापखान्यात जागा होती. नेटवर्क बघणारी बाई साधारण तिच्याच वयाची, आखूड केसांची, समोरच्याकडे न बघता बोलणारी. बाहेर पाच जण बसले होते, सगळे तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, प्रत्येकाकडे तिच्यापेक्षा जास्त सर्टिफिकेटं. तिने पाकीट टेबलावर ठेवलं. त्या बाईने पहिली नोंद वाचली, दुसरी वाचली, मग खुर्चीत मागे टेकून सतराही वाचल्या. एक कॉम्प्युटर तिच्यापुढे सरकवला.

"आमचं गोदाम शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथल्या स्विचवर नव्या मशीनसाठी जागा करायची आहे. करा. खरा स्विच आहे, चालू आहे."

तिने आधी दोन मिनिटं नुसतं वाचलं. मग स्विचला दहा मिनिटांची सूचना दिली, पर्समधून चिमटा काढला आणि ओढणीला लावला. त्या बाईने तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. बदल सहाव्या मिनिटाला झाला. टेबलावरचा फोन वाजला, गोदामातला माणूस इतक्या जोरात बोलला की दोघींना ऐकू आलं.

"येतंय, येतंय! मशीन दिसायला लागलं!"

"छान," ती बाई म्हणाली. फाईल मिटली, खुर्ची मागे सरकवली. "झालं तुमचं. तुम्ही निघालात तरी चालेल, आम्ही कळवू."

तिचा हात ओढणीकडे गेला. बोटांत चिमटा आला. आणि हात तिथेच थांबला.

"एक मिनिट," ती म्हणाली. "अजून झालेलं नाही."

तिने सूचना रद्द केली. रद्द झाली का ते पाहिलं. नवं जतन केलं, जतन झालं का तेही पाहिलं. मग चिमटा उतरवला आणि उठली. ती बाई अजून खुर्चीतच होती.

"सकाळपासून तुमच्याआधी तिघांनी हे केलं," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा लवकर केलं. त्यांतल्या एकाने सूचनाही दिली होती. तो घरी पोचायच्या आत स्विच बंद झाला." मग पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघून म्हणाली, "सोमवारी या."

घरी पोचल्यावर वडिलांनी नेहमीचंच विचारलं. तिने "उतरवला" म्हटलं, आणि मग खुर्चीत बसून ढसाढसा रडली. वडिलांना वाटलं, हीही जागा गेली. खरं काय ते कळायला त्यांना पाच मिनिटं लागली. मग तेही डोळे पुसायला आत गेले आणि मशीनपाशी काहीतरी शोधत असल्याचा आव आणला.

रविवारी तिने एक जाड वही आणली. वडिलांनी ती मागून घेतली आणि दुपारभर दार लोटून बसले. सुई धरवत नसताना त्यांनी वहीला जाड निळ्या कापडाचं कव्हर शिवलं होतं. टाके थोडे वाकडे होते. तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं, खूप छान झालंय म्हणाली, वही पिशवीत घातली. मग थांबली, परत बाहेर काढली आणि आतल्या कडेवर बोट फिरवलं.

"बाबा, इथे कच्चा टाका राहिलाय. पांढरा दोरा."

"दिसला तुला?" वडील म्हणाले. "मुद्दामच ठेवला होता. आता जा बिनधास्त."

तिने कात्री घेतली आणि दोरा उसवून काढला. तुकडा त्यांनी मागून घेतला आणि डब्यात टाकला.